शेरा

बीडहून येणाऱ्या गाडीला आमच्या नावाची पाटी नाही.
कंडक्टर काचेवर खडूनं लिहितो,
घाट चढेपर्यंत धुई ते पुसून टाकते.
गाडी येते तेव्हा तिच्यावर कुठलंच गाव नसतं.

दीडशे उंबरे. दोन गिरण्या, त्यातली एक बंद.
माळावर पवनचक्क्या;
त्यांची वीज कुठं जाते ठाऊक नाही,
घरघर तेवढी आमच्याकडं राहते.

मारुतीच्या देवळाला पत्र्याची दोन पाखं.
उत्तरेच्या पाख्याचं पाणी गोदावरीला,
दक्षिणेचं सीनेला, तिथून भीमेला.
दोन नद्यांना वाटून झालं
की फाल्गुनात आम्ही घागरी घेऊन
टँकरचा हॉर्न ऐकत बसतो.

पाऊस मोजायचं भांडं चावडीमागं.
खाजामियाँ कोतवालानं मला शिकवलं:
काचेचं माप डोळ्यासमोर धर,
पाण्याला मधे खळी पडते,
तिचा तळ वाच. कड वाचू नकोस,
कड नेहमी जास्त सांगते.

आषाढात आठ-आठ दिवस धुई उठत नाही.
काडी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं,
वाळत घातलेलं लुगडं तिसऱ्या दिवशी जास्त ओलं.
सोजरबाई शेळ्या आवाजावरून मोजते,
शेळ्या तिला खोकल्यावरून ओळखतात.
आणि भांड्यात बघावं तर थेंब नाही.
तालुक्याहून फोन येतो, "सत्यशीला, आकडा?"
"निरंक, साहेब."
भुवईवरचं पाणी फोनवर ओघळतं.

एकदा खाजामियाँच्या जुन्या वह्या काढल्या.
शेऱ्याच्या रकान्यात, मुंगीएवढ्या अक्षरात:
निरंक. पण कोळिष्टकं भिजली.
निरंक. बाभळीखाली टपटप, बाभळीबाहेर नाही.
निरंक. नमाजाची चटई पिळून काढली.
निरंक. वारा फार. करडं घरात घेतली.
हे कुणी वाचलं नसणार.
साहेबांची सही आकड्याखाली असते.

मग यंत्र आलं. जाळी, खांब, उन्हावर चालणारी पाटी.
आपलं आपण बोलतं, वर कळवतं.
मला जाळीची किल्ली दिली,
काम नाही दिलं.

वैशाखातल्या एका दुपारी फोन:
"ढगफुटी झाली का तुमच्यात?
बासष्ट मिलिमीटर दाखवतंय."
बाहेर आले. आभाळ घासलेल्या परातीसारखं.
जाळीला खेटून टँकर उभा,
पाइप निसटून नागासारखा डोलतोय,
अंगद ड्रायव्हर त्याच्या मागं धावतोय,
उघडी पोरं खाली नाचतायत,
अन् यंत्र बिचारं इमानदारीनं मोजतंय.
"साहेब, टँकर पडतोय," मी म्हणाले.
तिकडं बराच वेळ कुणीच नाही.
मग, "नोंद वर गेली. आता मागं घेता येत नाही."

आठ दिवस टँकर बंद झाला.
पाऊस पडलेल्या गावाला टँकर कशाला?
पोरं मात्र अजून तारीख सांगतात,
त्या दिवशी आमच्यात पाऊस झाला होता म्हणून.

जुनं भांडं मी काढू दिलं नाही.
रोज आठला जाते, वही भरते,
कुणी मागत नाही तरी.
खाजामियाँच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू;
तो म्हणतो, मला सगळीकडं आषाढच दिसतो.
काठी टेकत चावडीपर्यंत येतो,
आकडा विचारत नाही.
"शेरा काय लिहिला?"

मी वाचते:
निरंक. धुई विरळ.
गाडी आली, काचेवर अर्धं नाव शिल्लक होतं.

तो थोडा वेळ काठीवर हनुवटी ठेवून राहतो.
"कोणतं अर्धं, बेटी?
पुढचं का मागचं?"